कोपरा आधी

माईंनी हाळीचा निकाल रविवारी लावायचं ठरवलं आणि धाकट्या सुनेची पहिली कुस्ती नेमकी त्याच रविवारी सकाळी आली. ती काही तिने मागून घेतली नव्हती. नवशिक्यांनी घरची माणसं आणावीत, शिकलेलं त्यांना करून दाखवावं, असं जिमवाल्यांनीच ठरवलं होतं. पण धाकट्याच्या लेखी ते सगळं एकच. ज्या दिवशी बापाच्या जागेवर आपण उभं राहायचं, त्याच दिवशी आपली चाळिशीला आलेली बायको एका परक्या बाईशी गादीवर झोंबणार आणि ते बघायला सगळ्या घराला घेऊन आपणच गाडी काढायची. त्याने गाडी काढली. तोंड मात्र असं केलं होतं, जणू कुणाच्या तेराव्याला निघालाय.

या घराचा धंदा म्हणजे लोकांचे संसार एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन ठेवणं. जड सामान चौघांनी उचललं की बोलायचं एकानेच, हा मामंजींचा नियम. 'उचल' तो म्हणणार, 'टेक' तोच म्हणणार. बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. 'टेक' कानावर आलं की जो जिथे असेल तिथे त्याने वजन खाली ठेवायचं, का ते नंतर विचारायचं. यालाच हाळी म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात मामंजी गेले आणि हाळी बेवारस झाली. थोरला एखाद्या दिवशी द्यायचा, धाकटा एखाद्या दिवशी. मग मागच्याच महिन्यात एका वकिलाच्या घरी थोरला म्हणाला 'उचल', धाकटा म्हणाला 'टेक', आणि पुरुषभर उंचीच्या आरशाने दोघांचंही ऐकलं. त्या काचा गोळा करतानाच माई म्हणाल्या होत्या की आता पुरे, मी काय ते ठरवते.

गाडीत पुढे खिडकीपाशी हाळीवाल्याची जागा. मामंजी गेल्यानंतर माईंनी तिथे हातमोज्यांच्या आणि पट्ट्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि त्या हलवायची कुणाचीच छाती नव्हती. आजही त्या तिथेच होत्या. धाकटा गाडी चालवत होता, माई मधे अंग चोरून बसल्या होत्या, आणि थोरला, थोरली नि धाकटी मागे, सामानाला गुंडाळायच्या जुन्या रजयांवर.

धाकटीला हा नाद लागला तोही धंद्यातूनच. ती या घरात काच बांधायची. कपबश्या, झुंबरं, देवाधर्माच्या तसबिरी, जे जे फुटू शकतं ते ते तिच्या हातून जायचं. वर्षामागे या जिमचं सामान नव्या जागेत हलवायचं काम आलं. आरसे बांधून झाल्यावर ती कडेला उभी राहून बघत बसली, तर एक बुटकी बाई आपल्या दुप्पट माणसाला अंगाखाली घालून शांतपणे त्याच्याशी गप्पा मारत होती. त्या बाईचे कान चुरगळलेल्या कागदासारखे होते. ती कोचबाई. तिने विचारलं, करून बघायचंय का. धाकटी म्हणाली, मला पडायची भीती वाटते. कोचबाई म्हणाली, मग पडण्यापासूनच सुरू करू.

थोरल्याला या प्रकाराचं हसू यायचं, पण त्यात कडवटपणा नव्हता. "फुटायचं सामान बांधून बांधून कंटाळली, आता स्वतःलाच फोडून घेतेय," असं तो म्हणायचा. जिमच्या हॉलमध्ये शिरल्यावर मात्र तो हसला नाही. दाराशी चपलांची रांग, भिंतभर आरसे, घामाचा नि फिनेलचा वास, आणि सगळ्या खोलीभर एकाला एक लावलेल्या गाद्या. त्या गाद्या त्यानेच वर चढवल्या होत्या. त्या दिवशी उजव्या खांद्यातून निघालेली कळ अजून पुरती गेली नव्हती, पण ही गोष्ट त्याने बायकोलाही कळू दिली नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती.

माईंना खुर्ची मिळाली. मांडीवर पर्स ठेवून त्या अशा बसल्या की कोचबाई आपण होऊन त्यांच्याजवळ आली. माईंनी थेट विचारलं, हिला काही येतं का.

"पडायला छान येतं," कोचबाई म्हणाली. "पाडायला येत नाही. म्हणजे पाडते, पण समोरच्या माणसाला कपाट ठेवावं तसं खाली ठेवते. डोक्याखाली हात घालते. किती सांगितलं, अहो, ते माणूस आहे, फुटत नाही. पण हाताला काय सवय लागलीये कोण जाणे."

ती सवय कुठली ते माईंना सांगायला नको होतं.

धाकटीच्या समोर आली दातांची डॉक्टरीण. तीही शिकाऊच, पण अंगाने दणकट आणि बोटांत ताकद. थोरली हळूच म्हणाली, दात काढणाऱ्या बाईला हात काढायला कितीसा वेळ लागणार. धाकट्याने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

दोघींनी हात मिळवले आणि एकमेकींच्या बाह्या धरल्या. पहिला काही वेळ नुसती ओढाताण. बघणाऱ्याला वाटावं दोघी एकाच पिशवीसाठी भांडतायत. मग डॉक्टरीण पुढे झुकली, धाकटीने कंबर खाली नेली, तिच्या दोन्ही पायांना मिठी घातली आणि तिला उचललं. सबंध उचललं. आपली बायको एवढं वजन उचलते हे धाकट्याला ठाऊक नव्हतं, आणि तिने ते बरोबर उचललं होतं, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून, वजन छातीशी घेऊन. मोठ्या माणसांनाही हे शिकवताना त्याच्या घशाला कोरड पडायची.

आणि मग तिने डॉक्टरणीला खाली ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं. आधी एक नितंब टेकवला, मग पाठ, आणि डोकं गादीला लागायच्या आधी आपला पंजा खाली घातला. हॉलमधली माणसं हसली. कोचबाईने कपाळावर हात मारला. फक्त या घरातली माणसं हसली नाहीत.

"कोपरा आधी," थोरला पुटपुटला.

मामंजी म्हणायचे तसंच. कपाट असो, सोफा असो, लोखंडी तिजोरी असो; आधी एक कोपरा टेकवायचा, मग अंग उतरवायचं, म्हणजे ना फरशी दुखावत ना लाकूड. माईंनी पर्सवरचे हात आवळले. नवऱ्याचं ठेवणं त्यांनी उभा जन्म बघितलं होतं. दोन मुलगे त्याच्या हाताखाली तयार झाले, पण हे ठेवणं दोघांच्याही हातात पुरतं उतरलं नाही; थोरला घाई करतो, धाकटा जोर करतो. ते उतरलं ते काच बांधणाऱ्या सुनेच्या हातात, आणि दिसलं ते या घामट हॉलमध्ये, तिऱ्हाइतांच्या हसण्यात. माईंचा ऊर भरून आला. तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी पर्स उघडून उगीचच रुमाल शोधला.

पण गादीवर चांगुलपणाला गुण नसतात. डोक्याखाली घातलेला तो हातच डॉक्टरणीने धरला. ती कुशीवर वळली, पाय धाकटीच्या मानेवरून आडवे टाकले आणि तिचा हात कोपरातून ताणायला लागली. धाकटीने कंबर सरकवून बघितली, दुसऱ्या हाताने पकड सोडवून बघितली. सुटत नव्हतं. तेव्हा तिने मोकळ्या हाताने डॉक्टरणीच्या पायावर दोनदा थोपटलं, म्हणजे 'हरले, सोड'. डॉक्टरणीने तत्क्षणी सोडलं. दोघी उठून बसल्या, हसल्या, पुन्हा हात मिळवले आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला धाकटी वर राहिली आणि घंटा होईपर्यंत वरच राहिली. तरी हिशेबाने हार तिचीच.

टाळ्या झाल्या. धाकट्यानेही वाजवल्या, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दारापाशी ती चपला घालायला वाकली तेव्हा त्याच्याने राहवेना.

"दुखत होतं का?"

"नाही. दुखायच्या आधीच थोपटलं."

"मग थोपटलंस कशाला? जरा दम धरला असतास तर सुटली असतीस."

"सुटले नसते. हात गेला असता."

तो म्हणाला की आपल्या घरात आजवर कुणी चारचौघांत असं सोडून दिलेलं नाही. अर्ध्या जिन्यात जीव जायची पाळी आली तरी खालच्या माणसाने आपण होऊन 'आता बास' म्हटलेलं नाही.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच सुरुवातीला बाईंनी मला आठवडाभर गादीबाहेर बसवलं होतं. कोपर सुजलं तरी मी थोपटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, न थोपटणाऱ्याला इथे शूर म्हणत नाहीत, त्याच्याबरोबर कुणी खेळतच नाही."

धाकट्याने राग गाडीच्या दारावर काढला.

घर म्हणजे खाली गोदाम आणि वर राहायच्या खोल्या. मधे अरुंद जिना, त्याला एक वळण. माईंच्या गुडघ्यांना तो जिना सोसेनासा झाला होता, म्हणून गोदामाच्या मागची खोली रंगवून त्यांच्यासाठी तयार केली होती. पलंग खाली आला होता. राहिलं होतं एक कपाट, मामंजींनी लग्नानंतर आणलेलं, आतून बाहेरून जड लाकडाचं, आणि दाराला आरसा.

जेवणाआधी थोरलीने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं, तेव्हाच धाकटीने ओळखलं की प्रकरण साधं नाही. दोघी जावांचं सूत एरवी चांगलं होतं, पण हाळीचा विषय निघाल्यापासून दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या आणि त्याचा त्रास दोघींनाही होत होता.

थोरलीने सरळच सांगितलं. हाळी तिच्या नवऱ्याला मिळायला हवी. मानासाठी नव्हे. हाळीवाला वजन घेत नाही, बाजूला उभा राहतो, म्हणून.

"त्यांच्या उजव्या हातातून पेला सुटतो," ती म्हणाली. "बटणं लावता येत नाहीत, तर म्हणतात शर्टच वाईट शिवलाय. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. तू माईंना सांग, तुझं त्या ऐकतात."

"ताई, मग हाताचंही सांगूया ना."

"नको. ते माझं तोंड बघणार नाहीत. हाताचं कुणाला बोलणार नाहीस, असा शब्द दे मला."

धाकटीने शब्द दिला, आणि दिल्याबरोबर तिला वाटलं की चूक झाली. तिचा स्वतःचा नवरा हाळीसाठी झुरत होता. बापाचा आवाज त्याच्या गळ्यात उतरलाय असं सगळे म्हणायचे. आंघोळीला गेला की तो दार लावून 'उचल' 'टेक' करायचा हे तिला एकटीला ठाऊक होतं. त्याच्या विरुद्ध ती कशी बोलणार? आणि न बोलावं, तर दादांचा हात.

बोलायची वेळच आली नाही. जेवणं झाल्यावर माईंनी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या की मी काही भाषण करणार नाही, माझं कपाट खाली यायचंय. ज्याला हाळी हवी त्याने ते आणून दाखवावं. पहिला मान थोरल्याचा.

थोरला खाली बघत म्हणाला, "धाकट्यालाच देऊ दे. मी खालून घेतो."

थोरलीच्या हातातलं ताट नुसतं हातातच राहिलं. जिना उतरताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं, हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटीने मान खाली घातली.

कपाटाचं आरशाचं दार धाकटीने काढलं, गुंडाळलं, बाजूला उभं केलं. धंद्यावरचे दोन गडी कामाला आले होते; नवा गडी आणि थोरला खालच्या बाजूला गेले, जुना गडी वरच्या बाजूला. धाकट्याने पट्टा खांद्यावर घेतला आणि तोही वरूनच लागला. माई खाली खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की हाळी देणाऱ्याने हात लावायचा नाही, डोळे लावायचे, ते असंच करायचे. धाकटा म्हणाला, माई, आपण नुसतं बघायचं आणि दादाने उचलायचं, मला नाही जमणार ते. त्याच्या मनात खोट नव्हती. भावाबरोबर वजन घेण्यातच त्याला मोठेपणा वाटत होता. पण कपाट त्याच्या नाकासमोर होतं आणि कपाटापलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं.

धाकटी वळणावर उभी राहिली, भिंतीच्या कडेला रजई दाबून धरून. कोपरा खरचटू नये म्हणून तिथे कुणीतरी लागतंच.

"उचल," धाकटा म्हणाला, आणि जुन्या गड्याने दचकून वर बघितलं, कारण आवाज खरंच मामंजींचा होता.

पहिल्या काही पायऱ्या सुरेख झाल्या. थोरला मागच्या पावलांनी उतरत होता, छाती कपाटाला लावून. वजन नेहमीचं होतं. असली कपाटं त्याने शेकड्यांनी उतरवली होती. मग वळण जवळ आलं, कपाट तिरकं झालं आणि सगळा भार उजव्या हातावर आला. आधी मुंग्या आल्या, नंतर मुंग्याही येईनात. आपला हात पट्ट्यावर आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, आतून कळत नव्हतं. मागे नवा गडी होता, त्याच्या मागे उतार. एक शब्द बोलला असता तर थांबलं असतं. पण तो शब्द खालच्या माणसाचा नव्हता, आणि बापाच्या वेळी कुणी कधी खालून तो उच्चारल्याचं त्याला आठवत नव्हतं. पडलो तरी नाक वर, ही या घराची जुनी शिकवण. आणखी दोन पायऱ्या, त्याने स्वतःला सांगितलं.

धाकटी त्याचा पंजा बघत होती. मघापासून दुसरं काही बघतच नव्हती. पकड आधी करंगळीपासून सुटते, हे कोचबाईने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. माणूस तोंडाने काहीही म्हणो, करंगळी खोटं बोलत नाही. थोरल्याची करंगळी पट्ट्यावरून उचलली गेली होती. मग शेजारचं बोट हललं.

"टेक," धाकटी म्हणाली.

ती ओरडली नाही. शब्द मात्र स्वच्छ होता, आणि या घरातल्या अंगांना तो कुणाच्या तोंडून आला हे तपासायची सवयच नव्हती. जुना गडी वाकला, नवा गडी वाकला, धाकट्याचे स्वतःचे गुडघेही त्याला न विचारता वाकले. कपाट पायरीवर टेकलं. मग सगळ्यांना कळलं की बोललं कोण.

"कुणी सांगितलं तुला बोलायला?" धाकट्याचा आवाज चढला नाही, तो खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. हाळी कुणाची चाललीये, तो म्हणाला, अर्ध्या जिन्यात दोन तोंडं झाली की काय होतं ते त्या आरशाने दाखवलं नाही का? तुला काय दिसलं एवढं?

धाकटीने थोरलीकडे बघितलं. जिन्याच्या वरच्या टोकाला ती कठड्याला धरून उभी होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. शब्द दिलेला होता.

"मला वाटलं टेकवावं," धाकटी म्हणाली. "चुकलं असेल."

तिने एवढंच म्हटलं आणि रजई पुन्हा भिंतीला लावली. थोरल्याने ते ऐकलं. तो पंजाकडे बघत होता. अजूनही त्यात काही येत नव्हतं. त्याला कळलं की हिने बघितलंय, हिला ठाऊक आहे, आणि ही आपल्यासाठी नवऱ्याच्या शिव्या खायला तयार आहे. सकाळचं ते दोनदा थोपटणं त्याला आठवलं. त्यानंतर ती हसत उठून बसली होती. कुणी तिला कमी लेखलं नव्हतं, त्या डॉक्टरणीने तर मुळीच नाही.

"तिचं चुकलं नाही," थोरला म्हणाला. "माझा हात गेला होता."

जुन्या गड्याने वरून वाकून बघितलं.

"बऱ्याच दिवसांपासून जातोय. कधी जाईल सांगता येत नाही." त्याने उजवा हात डाव्याने उचलून दाखवला, एखाद्याची वस्तू परत करावी तसा. "आणखी एक पायरी झाली असती तर कपाट माझ्यावर आलं असतं, आणि मी या पोरावर."

थोरली जिना उतरून आली, कपाटाच्या कडेने अंग चोरत, आणि नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली. रडली नाही. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली, सगळ्यांसमोर. त्याने तो काढून घेतला नाही.

धाकटा वर पट्टा धरून उभा होता. त्याला भावाचा राग आला, इतके दिवस लपवल्याचा. मग बायकोचा आला, तिला दिसल्याचा. आणि मग स्वतःचा, कारण बापाचा आवाज लावण्यात तो इतका गुंग होता की भावाचं काय चाललंय ते बघायचं राहूनच गेलं. बाप आवाजामुळे हाळीवाला नव्हता. त्याला सगळ्यांचे हात दिसायचे. हे त्याला आत्ता, या अर्ध्या जिन्यात, दुखऱ्या खांद्यानिशी समजत होतं.

माई खालून म्हणाल्या, कपाट काही जिन्यात ठेवायचं नाही, पुढे काय ते बोला.

धाकट्याने पट्टा खांद्यावरून उतरवला. कठड्यावरून पाय टाकून तो खाली आला आणि भावाच्या जागी उभा राहिला. भावाला म्हणाला, तू वर जा, डाव्या हाताने पट्टा सांभाळ, जोर जुन्या गड्याला करू दे. मग वाकून पकड घेतली आणि मान न वळवता बायकोला म्हणाला, "रजई वहिनीकडे दे. हाळी तू दे."

"अहो, मी?"

"मला कपाटामागचं दिसत नाही. तुला दिसतंय. दे."

धाकटीने रजई जावेला दिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिने ते पाठीमागे बांधले, मामंजी बांधायचे तसे. ते मुद्दाम केलं नव्हतं, पण माईंच्या नजरेतून सुटलं नाही. तिने एकेकाचे पंजे बघितले. जुना गडी, थोरला, नवा गडी, नवरा.

"उचल," ती म्हणाली. आवाज थोडा कापला. कपाट मात्र उठलं.

वळण आलं. तिने नव्या गड्याला भिंतीकडे घेतलं, जुन्याला थांबवलं, वरचं टोक फिरवलं, आणि कपाट वळलं, भिंतीला न शिवता. आता सरळ उतार होता. शेवटच्या थोड्या पायऱ्या. धाकट्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, खांद्यात आग होती, आणि पट्टा अंगठ्यावरून सरकत सरकत नखाशी आला होता. अजून धरवलं असतं. बहुतेक धरवलं असतं. असं आजवर किती वेळा बहुतेकवरच धरलंय, याचा विचार त्याने पहिल्यांदाच केला. त्याला सगळं घर बघत होतं. थोरला बघत होता, आई बघत होती, दोन गडी बघत होते, आणि ते उद्या सगळ्या बाजारात सांगणार होते.

त्याने डाव्या पंज्याने कपाटाच्या अंगावर थोपटलं. दोनदा.

"टेक," धाकटी म्हणाली, त्याच क्षणी.

कपाट टेकलं. कोपरा आधी, मग अंग. पायरीला आवाजही आला नाही. धाकट्याने पट्टा नीट घेतला, शर्टाने कपाळ पुसलं, दोन श्वास घेतले. कुणी हसलं नाही. जुना गडी, जो तीस-चाळीस वर्षं या घराचं वजन वाहत होता, वरून हळूच म्हणाला की असं आधी सुचलं असतं तर माझी कंबर अजून शाबूत असती. मग मात्र थोरला हसला, आणि त्याच्या पाठोपाठ धाकटाही. धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तिला त्याचा इतका अभिमान वाटला, की तेवढा लग्नात त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही वाटला नव्हता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. दे."

"उचल."

कपाट खाली आलं, गोदामातून मागच्या खोलीत गेलं आणि माईंनी बोट दाखवलं त्या भिंतीला लागलं. ओरखडा नव्हता. धाकटीने आरशाचं दार बसवलं आणि बिजागरीला तेलाचं बोट लावलं. बघते तर माई खोलीत नव्हत्या.

त्या बाहेर गाडीपाशी होत्या. तसल्या गुडघ्यांनी त्या गाडीत कशा चढल्या, कुणी बघितलं नाही. परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या, हातमोज्यांच्या आणि पट्ट्यांच्या. थोरला घ्यायला धावला, तर त्यांनी त्याला नुसतं डोळ्यांनी बाजूला केलं. पिशव्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवल्या, एक एक करून, आणि पदराने हात पुसले.

"उद्या लवकर निघायचंय," त्या धाकटीला म्हणाल्या. "खिडकीची काच तेवढी पुसून घे. फार दिवस कुणी बसलेलं नाही तिथे."